वेल्वेट अंडरग्राउंडचा तिसरा अल्बम आणि आजची इंडी गाणी

खर्ज (धागाकर्ता)

वेल्वेट अंडरग्राउंड या न्यूयॉर्कच्या बँडचे नाव निघाले की चर्चा पहिल्या अल्बमपाशी सुरू होते आणि बहुतेक वेळा तिथेच संपते. मार्च १९६७ मध्ये आलेला तो अल्बम, अँडी वॉरहॉल यांचे केळ्याचे मुखपृष्ठ, गायिका निकोचा जड, जर्मन वळणाचा आवाज, अमली पदार्थांविषयीची गाणी. आणि त्यापाठोपाठ संगीतकार ब्रायन ईनो यांच्या १९८२ सालच्या मुलाखतीतले ते मत येते, की हा अल्बम फार थोड्या लोकांनी विकत घेतला, पण ज्यांनी घेतला त्या प्रत्येकाने पुढे स्वतःचा बँड काढला. हे सारे इतक्या वेळा सांगून झाले आहे की प्रभाव पडला म्हणजे नेमका कशाचा पडला, हा प्रश्न विचारायचाच राहून जातो.

माझे म्हणणे असे आहे की गेल्या चाळीस वर्षांतल्या इंडी, म्हणजे मोठ्या ध्वनिमुद्रण कंपन्यांबाहेर वाढलेल्या, गाण्यांवर सर्वांत खोल ठसा आहे तो मार्च १९६९ मध्ये निघालेल्या तिसऱ्या अल्बमचा. बँडच्याच नावाने निघालेला हा अल्बम पहिल्या दोहोंच्या मानाने अगदी हळू आवाजातला आहे. जानेवारी १९६८ मध्ये आलेल्या ‘व्हाइट लाइट/व्हाइट हीट’ या दुसऱ्या अल्बमवर सतरा मिनिटांहून लांब ‘सिस्टर रे’ आहे, ज्यात गिटार, ऑर्गन आणि ड्रम एकमेकांवर मात करण्यासाठी झगडत आहेत असे वाटते. त्यानंतर त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये व्हायोलावादक जॉन केल यांना गायक-गीतकार लू रीड यांनी बँडबाहेर काढले, त्यांच्या जागी बॉस्टनहून डग यूल आले, आणि वर्षअखेरीस हॉलिवूडमधल्या टीटीजी स्टुडिओत हा तिसरा अल्बम ध्वनिमुद्रित झाला. वर्षभरापूर्वी कान फोडणारा बँड इथे जवळजवळ शेजारी बसून बोलतो.

‘पेल ब्लू आइज’ हे गाणे घ्या. पूर्ण ड्रमसेट त्यात कुठेच वाजत नाही. ड्रमवादक मॉरीन टकर यांची खंजिरी पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच लयीत चालते, बास मोजकेच स्वर लावतो, मागे ऑर्गन इतका दबका आहे की पहिल्या ऐकण्यात तो लक्षातही येत नाही, आणि स्टर्लिंग मॉरिसन यांची गिटार ओळींच्या मधल्या जागेत छोटेसे उत्तर देऊन गप्प होते. रीड यांचा आवाज तसा गायकाचा नाहीच. ते काही ओळी गातात, काही बोलतात, आणि वरचा स्वर लागेनासा झाला तरी तो झाकण्याची खटपट करत नाहीत. गाणे साडेपाच मिनिटांहून अधिक चालते, आणि एवढ्या वेळात कुठेही आवाज चढत नाही, कुठेही वाद्यांची भर पडत नाही.

या अल्बमचे दोन मिक्स, म्हणजे आवाज आणि वाद्ये यांच्या दोन वेगवेगळ्या जुळण्या, आहेत, हेही महत्त्वाचे आहे. ध्वनिमुद्रक व्हॅल व्हॅलेंटिन यांचा मिक्स जगभर पोचला, तर स्वतः रीड यांनी केलेल्या मिक्समध्ये गायकाचा आवाज पुढे ओढलेला आहे आणि वाद्ये मागे सरली आहेत. हे तर कपाटात बसून ध्वनिमुद्रित केल्यासारखे वाटते, असे मॉरिसन म्हणाले होते आणि तेव्हापासून त्याला ‘क्लॉझेट मिक्स’ हेच नाव पडले. तो ऐकताना माझ्या मनात आले की पुढे घरच्या घरी, खोलीत बसून गाणी ध्वनिमुद्रित करणाऱ्या पिढ्यांना जो आवाज हवासा वाटला तो हाच आहे.

पुढचे दाखले क्रमाने देत बसत नाही, पण काही सांगायलाच हवेत. कॅनडाच्या काउबॉय जंकीज या बँडने नोव्हेंबर १९८७ मध्ये टोरांटोच्या होली ट्रिनिटी चर्चमध्ये एकाच मायक्रोफोनभोवती बसून आपला अल्बम ध्वनिमुद्रित केला. त्यात त्यांनी ‘स्वीट जेन’ घेतले. मुळात ते गाणे चौथ्या अल्बमवरचे आहे, पण त्यांनी ते तिसऱ्या अल्बमच्या वृत्तीने गायले. बॉस्टनजवळच्या गॅलॅक्सी ५०० ने संथ लय आणि कापरा आवाज यांवरच आपले सारे काम उभे केले. न्यू जर्सीच्या यो ला टेंगोने तर २००० साली काढलेला जवळजवळ अख्खा अल्बम पुटपुटण्याच्या पातळीवर ठेवला. आणि मेलबर्नच्या कोर्टनी बार्नेट यांचे २०१५ सालचे ‘डिप्रेस्टन’ ऐका. शहरात राहणे परवडत नाही म्हणून एक जोडपे उपनगरात घर पाहायला जाते, तिथे वारलेल्या म्हाताऱ्या मालकिणीच्या वस्तू अजून तशाच पडलेल्या असतात. स्नानघरातला आधाराचा दांडा, एक छायाचित्र, डबे. गाणारी व्यक्ती कशावरही भाष्य करत नाही, फक्त जे दिसते ते सांगते, आणि त्याच त्या कॉर्ड (एकत्र वाजवलेले स्वर) फिरून येत राहतात. रीड यांनी तिसऱ्या अल्बमवर माणसांविषयी असेच लिहिले होते. ‘कँडी सेज’मध्ये वॉरहॉल यांच्या वर्तुळातल्या ट्रान्सजेंडर अभिनेत्री कँडी डार्लिंगची घुसमट आहे, पण तिच्यावर ना दया दाखवली आहे ना निवाडा केला आहे, आणि गायला दिले आहे ते नवख्या डग यूल यांना, ज्यांच्या आवाजात कसलाही आव नव्हता.

तुम्हाला हा ठसा कुठे ऐकू येतो, आणि कुठे मी तो ओढूनताणून लावतो आहे असे वाटते, दोन्ही लिहावे.

ताशा

धागा आवडला, पण तुमच्या मांडणीत मॉरीन टकर यांना एका खंजिरीपुरती जागा मिळाली आहे, ती मला फार अपुरी वाटते. मी स्वतः ड्रम वाजवतो, त्यामुळे त्या बाजूने थोडे सविस्तर लिहितो.

टकर ड्रमसेटमागे बसून वाजवत नसत, उभ्या राहून वाजवत. बास ड्रम त्यांनी आडवा, म्हणजे तोंड वर करून ठेवला होता आणि पायाच्या पेडलऐवजी हातातल्या मऊ डोक्याच्या काठ्यांनी त्या तो वाजवत. झांजा त्यांना आवडत नसत, त्यामुळे त्या क्वचितच ऐकू येतात. त्यांचे आदर्श दोन होते, एक अमेरिकन गिटारवादक बो डिडली आणि दुसरे नायजेरियाचे ड्रमवादक बाबातुंडे ओलातुंजी. म्हणजे १९६५ च्या अखेरीस, जेव्हा रॉकचे बहुतेक ड्रमवादक भरीव तुकडे आणि झांजांचा कडकडाट यांच्या मागे होते, तेव्हा ही बाई एकच ठेका धरून गाण्याच्या तळाशी ठाम उभी होती.

झांजा काढून टाकल्याने काय होते ते वाजवणाऱ्याला लगेच कळते. हाय-हॅट आणि क्रॅश या झांजा वरच्या पट्टीत सतत सळसळत असतात आणि गायकाच्या आवाजातली ‘स’, ‘श’सारखी व्यंजने, गिटारच्या तारांची खरखर, हे सगळे त्या सळसळीत बुडते. ती जागा मोकळी झाली की हळू बोलणारा गायकही स्पष्ट ऐकू येतो, आणि गिटारवर कितीही खरखर असली तरी गिचमिड होत नाही. तेव्हा तुम्ही ज्याला शेजारी बसून बोलणे म्हणता, त्याची सोय टकर यांनी करून ठेवली होती. ‘हेरॉइन’ या गाण्यात लय चढत चढत जाते आणि मध्येच ड्रम थांबतात. ते काही ठरवून केलेले नव्हते. गोंगाटात बाकीचे काय वाजवत आहेत तेच ऐकू येईना म्हणून आपण थांबलो, असे टकर यांनी पुढे सांगितले. आणि ध्वनिमुद्रणात ते तसेच ठेवले गेले.

चौथा अल्बम, १९७० चा ‘लोडेड’, ऐकला तर हा फरक कानांना पटतो. टकर तेव्हा गरोदर होत्या, म्हणून त्यांच्या जागी डग यूल, त्यांचे भाऊ बिली आणि आणखी दोघे वाजवतात. गाणी उत्तम आहेत, पण ठेका इतर कोणत्याही चांगल्या रॉक बँडचा असावा तसा झाला आहे.

आता प्रभावाचे पाहू. स्कॉटलंडच्या जीझस अँड मेरी चेनचा १९८५ चा पहिला अल्बम ऐका. तिथे बॉबी गिलेस्पी दोनच ड्रम घेऊन उभ्याने वाजवतात. ऑलिंपियाच्या बीट हॅपनिंगमध्ये तर तिघे जण वाद्यांची अदलाबदल करत, आणि ठेका कधी एका स्नेअरवर भागवला जाई. यो ला टेंगोच्या जॉर्जिया हब्ली ड्रमही वाजवतात आणि गातातही. ‘मला फारसे वाजवता येत नाही, तरी मला बँडमध्ये जागा आहे’ असे ज्या अनेकांना, विशेषतः मुलींना, वाटले त्यामागे टकर यांचे उदाहरण आहे, असे मी ठामपणे म्हणेन. यावर ‘तिला वाजवताच येत नव्हते’ असे काही जण म्हणतात, ते मात्र मला अजिबात मान्य नाही. अर्धे गाणे एकही तुकडा न घेता, लय तसूभरही न हलवता धरून ठेवणे किती कठीण असते, ते करून पाहिल्याशिवाय कळत नाही.

दुसरी बाजू

दोन्ही लेखन मन लावून वाचले. मला विरोधासाठी विरोध करायचा नाही, परंतु एका बँडच्या पदरात इतके सगळे टाकणे मला योग्य वाटत नाही.

पहिला मुद्दा असा की इंडीत आज जे ऐकू येते त्यातला मोठा भाग वेल्वेट अंडरग्राउंडच्या वाटेवरचा नाहीच. खणखणीत, घंटेसारखी वाजणारी गिटार बर्ड्सच्या रॉजर मॅग्विन यांच्या बारा तारांच्या रिकनबॅकरकडून आली. चाल सुरेल ठेवून शब्दांत खिन्नता भरण्याची रीत मेम्फिसच्या बिग स्टारकडून पुढच्यांना मिळाली. फ्लीट फॉक्सेस किंवा ॲनिमल कलेक्टिव्ह यांच्या आवाजांच्या थरांमागे बीच बॉईज उभे आहेत. जीझस अँड मेरी चेनचे उदाहरण ताशा यांनी दिले, पण त्यांच्या ‘जस्ट लाइक हनी’ची सुरुवातीची ड्रमची चाल रॉनेट्सच्या ‘बी माय बेबी’ची आहे, ती १९६३ ची, म्हणजे टकर बँडमध्ये येण्याच्या आधीची.

दुसरा मुद्दा आर.ई.एम. या अमेरिकन बँडचा. त्यांच्या १९८७ च्या ‘डेड लेटर ऑफिस’ या संकलनात वेल्वेट अंडरग्राउंडची तीन गाणी आहेत, ‘पेल ब्लू आइज’ त्यातलेच एक. म्हणजे ऋण त्यांनी उघडपणे मान्य केले आहे. पण त्यांच्या स्वतःच्या गाण्यांत पीटर बक यांची गिटार ऐका, ती बर्ड्सच्या घराण्यातली आहे. तेव्हा एखाद्या बँडने कोणाची गाणी गायली यावरून त्याची स्वतःची गाणी कोणाकडून आली हे ठरत नाही. निर्व्हानानेही ‘हिअर शी कम्स नाऊ’ गायले होते, म्हणून निर्व्हाना वेल्वेट अंडरग्राउंडसारखा वाजतो असे कोणी म्हणणार नाही.

खर्ज

दुसरी बाजू यांचा दुसरा मुद्दा मला मान्य आहे, आणि म्हणूनच मी मूळ लेखात परगायनाच्या, म्हणजे दुसऱ्यांनी गायलेल्या त्यांच्या गाण्यांच्या, यादीवर भर दिला नाही. २०२१ मध्ये पहिला अल्बम अथपासून इतिपर्यंत नव्या कलाकारांनी गायला. त्यात मायकल स्टाइप, शॅरन व्हॅन एटन, कर्ट वाइल, सेंट व्हिन्सेंट, फाँटेन्स डी. सी., कोर्टनी बार्नेट असे बरेच जण आहेत. तो आदराचा अल्बम आहे आणि त्याला त्याचे मोल आहे, पण प्रभावाचा पुरावा म्हणून मी तो पुढे करणार नाही. माझा रोख गाणे बांधण्याच्या रीतीवर आहे: दोन-तीन कॉर्ड, न बदलणारा ठेका, बोलल्यासारखा आवाज, आणि मुख्य म्हणजे गाणे मोठे करण्याऐवजी त्यातून एकेक गोष्ट काढत जाणे. बर्ड्सनी किंवा बीच बॉईजनी हे केले नाही. त्यांची दिशा भर घालण्याची होती. त्या दोहोंचे वारसदार इंडीत आहेत हे खरेच, आणि तो वेगळ्या धाग्याचा विषय आहे.

टकर यांच्याबद्दलची उणीव मात्र मान्य. झांजांविषयीचे स्पष्टीकरण वाचल्यावर तो अल्बम मी पुन्हा लावला. ‘समकाइंडा लव्ह’मध्ये ते लख्ख जाणवते.

कृष्णाकाठ

मी मिरजेची. घरात तानपुरे आणि त्यांच्या जवारीची चर्चा ऐकत वाढले, म्हणून या बँडच्या एका बाजूबद्दल लिहावेसे वाटते, जी इथे अजून आली नाही. ती म्हणजे अखंड चालणारा सूर.

जॉन केल हे वेल्सचे. शास्त्रीय शिक्षण घेऊन १९६३ साली ते अमेरिकेत आले आणि न्यूयॉर्कमध्ये प्रयोगशील संगीतकार ला माँट यंग यांच्या गटात व्हायोला वाजवू लागले. त्या गटात टोनी कॉनरॅड होते, आणि बँडचे पहिले ड्रमवादक अँगस मॅक्लाइजही होते. हे लोक तासन् तास मोजकेच स्वर धरून बसत. ते सूर जुळवत ते विजेच्या उपकरणांच्या घरघरीशी, कारण अमेरिकेतल्या ६० हर्ट्झ विजेची ती घरघर कधी ढळत नाही. आम्ही शीतकपाटाच्या सुराशी जुळवून घेत असू, असे केल यांनी सांगितले आहे. स्वतः यंग यांच्यावर १९५० च्या दशकात ऐकलेल्या उस्ताद अली अकबर खाँ यांच्या ध्वनिमुद्रिकेचा, आणि विशेषतः तिच्यातल्या तानपुऱ्याचा, मोठा परिणाम झाला होता. पुढे १९७० साली पंडित प्राणनाथ न्यूयॉर्कला गेले आणि यंग त्यांचे शागीर्द झाले. प्राणनाथ हे किराणा घराण्याच्या उस्ताद अब्दुल वहीद खाँ यांचे शिष्य. त्याच घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ आमच्या मिरजेत राहिले आणि त्यांचे दफनही इथल्याच दर्ग्यात झाले. अर्थात प्राणनाथांची भेट केल यांनी यंग यांचा गट सोडल्यानंतरची, त्यामुळे किराणा घराण्यातून थेट वेल्वेट अंडरग्राउंड निघाले असे कोणी म्हणू नये. दोन्ही वाटा यंग यांच्या घरापाशी येऊन मिळतात, एवढेच खरे.

केल यांनी व्हायोलाला गिटार आणि मँडोलिनच्या तारा लावल्या आणि घोडीची वरची कड घासून सपाट केली, म्हणजे गज एकाच वेळी तीन तारांवर फिरावा. ‘व्हीनस इन फर्स’मध्ये जो करकरीत, न तुटणारा सूर ऐकू येतो तो त्यातून निघाला. त्याच गाण्यात रीड यांच्या गिटारच्या साऱ्या तारा एकाच स्वरात लावलेल्या आहेत. ही जुळणी त्यांनी १९६४ साली पिकविक या कंपनीसाठी नोकरी म्हणून गाणी लिहिताना ‘द ऑस्ट्रिच’ या गाण्यात वापरली होती. केल यांनी ती पाहिली तेव्हा यंग यांच्या गटात आपण जे करतो आहोत तेच हा रॉकवाला माणूस आपल्या परीने करतो आहे, हे त्यांना उमगले, आणि दोघांची जोडी जमली.

तानपुऱ्याशी याची तुलना करताना एक भेद सांगायला हवा. तानपुऱ्यात घोडीवर तारेखाली दोरा सरकवून जवारी काढतात. दोरा केसभर इकडेतिकडे झाला तरी नाद बंद होतो किंवा फुटतो. जवारी नीट लागली की तारेतून वरचे स्वर उमलतात, आणि गवयाला आपला सूर टेकवायला आधार मिळतो. केल यांचा सूर आधार देत नाही, गाणाऱ्याला ढकलतो. रीड त्याच्याविरुद्ध ओढत गातात, म्हणून त्या गाण्यांत ताण आहे.

आणि इथे खर्ज यांच्याशी माझा थोडा मतभेद आहे. केल गेल्यावर सूर गेला असे तुम्ही सुचवता, पण तिसऱ्या अल्बमवर ‘व्हॉट गोज ऑन’ ऐका. यूल यांचा ऑर्गन तेच काम करतो, फक्त गुळगुळीत होऊन. टॉकिंग हेड्सच्या ‘वन्स इन अ लाइफटाइम’च्या शेवटी येणारा ऑर्गन जेरी हॅरिसन यांनी याच गाण्यावरून घेतला. आज बाल्टिमोरच्या बीच हाउसची गाणी ऐकताना, जिथे ऑर्गनचा स्वर तळाशी पसरलेला असतो आणि चाल त्यावर सावकाश फिरते, मला केल आणि यूल दोघेही ऐकू येतात.

ताशा

कृष्णाकाठ, जवारीचा परिच्छेद वाचून फार आनंद झाला. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा बातम्या पुष्कळ आल्या, पण दोरा नेमके काय करतो हे कोणी इतके सोपे सांगितले नव्हते.

तुमच्या ढकलण्याच्या मुद्द्याला जोडून सांगतो. सतत चालणाऱ्या सुरावर ड्रमवादकाने तुकडे घेतले तर सूर खंडित झाल्यासारखा वाटतो. टकर यांचा ठेकाही एक प्रकारे अखंड सूरच आहे, तो काठ्यांनी वाजवलेला आहे इतकेच. केल आणि टकर या दोघांना एकत्र ऐकायला हवे.

दक्षिणवारा

गेली बरीच वर्षे मी न्यूझीलंडमध्ये राहतो. या चर्चेत इथला उल्लेख व्हायलाच हवा, कारण आजच्या इंडीपर्यंत हा प्रभाव पोचला तो मोठ्या प्रमाणात या देशाच्या दक्षिण बेटावरून फिरून.

ड्युनेडिन हे विद्यापीठाचे, थंड आणि लहान शहर. १९७८ साली हेमिश आणि डेव्हिड किल्गोर या भावांनी तिथे द क्लीन हा बँड काढला. १९८१ मध्ये क्राइस्टचर्चला रॉजर शेफर्ड यांनी फ्लाइंग नन ही ध्वनिमुद्रण कंपनी सुरू केली आणि द क्लीनचे ‘टॅली हो!’ हे गाणे अगदी किरकोळ खर्चात ध्वनिमुद्रित होऊन तिच्यातर्फे निघाले. ते देशातल्या सर्वाधिक खपाच्या गाण्यांच्या यादीत पहिल्या वीसांत गेले. त्यातला पिपाणीसारखा वाजणारा ऑर्गन मार्टिन फिलिप्स यांचा, ज्यांनी पुढे द चिल्स हा बँड नावारूपाला आणला. त्याच वर्षी द क्लीनची आणखी काही गाणी ख्रिस नॉक्स यांच्या चार ट्रॅकच्या टेप यंत्रावर ध्वनिमुद्रित झाली. त्यातले ‘पॉइंट दॅट थिंग समव्हेअर एल्स’ हे माझ्या मते खर्ज यांच्या म्हणण्याचा सर्वांत भक्कम पुरावा आहे. एक गिटार एकाच आकृतीवर घोळत राहते, ड्रम धावत राहतात, शब्द मोजकेच आणि तेही मागे ढकललेले, आणि गाणे कुठे पोचण्याची घाई करत नाही.

याचे मूळ मात्र मला तिसऱ्या अल्बमच्या स्टुडिओतल्या रूपात दिसत नाही. ते १९६९ साली डॅलस आणि सॅन फ्रान्सिस्को इथे ध्वनिमुद्रित झालेल्या आणि १९७४ साली दोन तबकड्यांच्या संचात निघालेल्या जिवंत मैफिलींत आहे. तिथे ‘व्हॉट गोज ऑन’ जवळजवळ नऊ मिनिटे चालते. गायन संपल्यावर दोन गिटारी फक्त ताल धरून उजवा हात खालीवर करत राहतात, ऑर्गन वर तरंगतो, आणि एकही एकल वादन सुरू होत नाही. रॉकमध्ये गायन संपले की गिटारवादकाने पुढे येऊन आपले कौशल्य दाखवावे अशी रीत होती. इथे तालाची गिटारच पुढे आली. न्यू जर्सीच्या द फीलीजनी १९८० साली हे उचलले, द क्लीनने उचलले, आणि द क्लीनकडून ते अमेरिकेतल्या पेव्हमेंट आणि यो ला टेंगो या बँडांकडे गेले. त्यामुळे आज विशीतला एखादा मुलगा अशी गिटार वाजवत असेल तर त्याने वेल्वेट अंडरग्राउंड ऐकलेले असेलच असे नाही. त्याने पेव्हमेंट ऐकलेले असते.

दुसरी बाजू

दक्षिणवारा यांच्या शेवटच्या वाक्याने माझी शंका बऱ्याच अंशी फिटली. प्रभाव थेट न येता तीन-चार हातांतून येतो हे मान्य केले की एका बँडच्या पदरात सगळे टाकण्याचा आरोप मला मागे घ्यावा लागेल.

त्या न्यायाने २००१ चा स्ट्रोक्स या बँडचा पहिला अल्बम पाहिला पाहिजे. तेही न्यूयॉर्कचे, आणि तिथे वारसा थेट आहे. निर्माते गॉर्डन राफाएल यांनी ईस्ट व्हिलेजमधल्या तळघरातल्या स्टुडिओत तो ध्वनिमुद्रित केला. ज्युलियन कासाब्लांकास यांचा आवाज सरावाच्या एका छोट्या पीव्ही अँप्लिफायरमधून काढून घेतला आहे, म्हणून तो टेलिफोनवरून आल्यासारखा चिरका आणि तरीही कानाशी वाटतो. ड्रम यंत्रासारखे काटेकोर आहेत. तरीही माझे मत असे की स्ट्रोक्सनी रीड यांच्याकडून आवाजाचा बेफिकीर ढंग घेतला, पण माणसांकडे पाहण्याची त्यांची दृष्टी घेतली नाही. गाणी आकर्षक आहेत, मात्र त्यांत ‘कँडी सेज’सारखे दुसऱ्याच्या कातडीत शिरणे नाही. त्या बाबतीत बार्नेट यांचे ‘डिप्रेस्टन’ कितीतरी जवळचे आहे, हे मात्र खर्ज यांचे खरे.

अजून एक उदाहरण, जे मला सगळ्यांत पटते. एलसीडी साउंडसिस्टमचे २००७ चे ‘ऑल माय फ्रेंड्स’. सुरुवातीपासून पियानोवर एकच आकृती ठोकली जाते, आणि ती अगदी अचूक नाही, मधूनमधून किंचित अडखळते, त्यामुळे ती हाताने वाजते आहे हे कळते. सात मिनिटांहून अधिक काळ कॉर्ड बदलण्याचा मोह टाळला आहे. गाणे फक्त आवाज चढवत नेते. पहिल्या अल्बमच्या ‘आय ॲम वेटिंग फॉर द मॅन’मध्ये केल यांनी पियानो असाच ठोकला होता. आणि त्याच वर्षी स्वतः जॉन केल यांनी ‘ऑल माय फ्रेंड्स’ गाऊन ध्वनिमुद्रित केले. मूळ झऱ्यानेच प्रवाहाची ओळख पटवून द्यावी, असा योग क्वचित येतो. केल यांच्या २०२३ च्या अल्बमवरही वेयेस ब्लड आणि ॲनिमल कलेक्टिव्ह आहेत, म्हणजे ते नव्या पिढीबरोबर काम करतच आहेत.

खर्ज

‘ऑल माय फ्रेंड्स’चा दाखला माझ्या मूळ लेखात असायला हवा होता इतका तो नेमका आहे. कृष्णाकाठ यांचा ऑर्गनविषयीचा मुद्दाही मी स्वीकारतो. सूर गेला नाही, त्याची धार गेली, असे म्हणणे अधिक बरोबर होईल.

दोन गोष्टी राहिल्या आहेत. पहिली, दक्षिणवारा यांनी सांगितलेल्या तालाच्या गिटारीचा एक फाटा बॉस्टनमध्ये आहे. बॉस्टन टी पार्टी या क्लबमध्ये बँडचे कार्यक्रम वारंवार होत आणि जोनाथन रिचमन नावाचा शाळकरी मुलगा प्रत्येक वेळी तिथे हजर असे. पुढे त्याने मॉडर्न लव्हर्स काढला, ज्यात वर उल्लेख आलेले जेरी हॅरिसन होते, आणि १९७२ मध्ये त्यांची गाणी ध्वनिमुद्रित करायला आले ते जॉन केल. ‘रोडरनर’ हे त्यांचे गाणे ‘सिस्टर रे’च्याच चौकटीवर, मुख्यतः दोन कॉर्डवर उभे आहे. पण रीड यांच्या गाण्यातला अंधार काढून टाकून रिचमन यांनी तिथे रात्री मॅसॅच्युसेट्सच्या महामार्गावर गाडी चालवण्याचा निखळ आनंद ठेवला. काळे चष्मे, सुया आणि उदासी यांच्याविना ही रीत चालते हे दाखवून देणारे ते पहिले, आणि इंडीतल्या निरागस सुराची सुरुवात मी तिथे मानतो. तिसऱ्या अल्बमचे शेवटचे गाणे, ‘आफ्टर अवर्स’, हेही त्याच जातीचे आहे. ते इतके निर्मळ आहे की माझ्या तोंडी शोभणार नाही, असे म्हणून रीड यांनी ते टकर यांना गायला दिले होते.

दुसरी गोष्ट स्टर्लिंग मॉरिसन यांची, ज्यांच्याविषयी कोणीच फारसे लिहीत नाही. बँड सोडल्यावर ते टेक्सासला गेले, ऑस्टिनच्या विद्यापीठात मध्ययुगीन साहित्यावर डॉक्टरेट केली, आणि ह्यूस्टनच्या बंदरात जहाजे ओढून नेणाऱ्या टगबोटीवर कप्तान म्हणून काम केले. गॅलॅक्सी ५०० चे १९८८ चे ‘टगबोट’ हे गाणे त्यांच्यावरच बेतलेले आहे. मेळावे नकोत, गर्दी नको, तुझ्या टगबोटीचा कप्तान व्हायचे आहे, एवढाच त्याचा आशय. त्याच बँडचे डीन वेअरहॅम यांनी नंतर लूना काढला आणि १९९४ च्या त्यांच्या अल्बमवर मॉरिसन स्वतः गिटार वाजवायला आले. पुढच्याच वर्षी ते वारले.

नव्याने ऐकणाऱ्यांनी माझ्या मते तिसरा अल्बम आधी ऐकावा, मग १९६९ च्या जिवंत मैफिलींतले ‘व्हॉट गोज ऑन’, आणि त्यानंतर पहिला. तिसऱ्याचे दोन्ही मिक्स आता सहज मिळतात. ‘समकाइंडा लव्ह’ दोन्हींत पाठोपाठ लावून पाहावे. फरक किती मोठा आहे ते एका मिनिटात कळते, कारण दोन मिक्समध्ये त्या गाण्याचे गायन आणि वादन मुळातच वेगवेगळ्या वेळचे आहे.